आरेतलं ताट आणि साष्टीची शेती

आजच्या भागात आपण जेवायला जाणार आहोत, आणि जेवता जेवता साधारण दोन हजार वर्षं मागे जाऊन येणार आहोत. ज्यांनी भाग ऐकला नाही किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेलं 'म्हणजे', 'बघा ना' थोडं कमी केलंय, बाकी तसंच आहे.

'फार्म-टू-टेबल' हा शब्द तुम्ही रील्सवर शंभरदा ऐकला असेल. शेतातून थेट ताटात. अमेरिकेत बर्कलीला ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये 'शे पानीस' नावाचं रेस्टॉरंट काढलं. आसपासच्या लहान शेतकऱ्यांकडून त्या मोसमात जे मिळेल तेच शिजवायचं, ही त्यांची पद्धत, आणि तिथून या कल्पनेचा बराच बोलबाला झाला. आपल्याकडे ती आली ती कर्जत, अलिबाग, मुरबाडच्या फार्मस्टेपर्यंत. मुंबईकराने गाडी काढायची, दोन-तीन तास जायचं, चुलीवरची भाकरी खायची आणि फोटो टाकायचा.

पण असं शेत मुंबई महापालिकेच्या हद्दीतच असेल तर? आणि ते 'सुरू केलेलं' नसून उरलेलं असेल तर?

पाड्यावर

जुलैच्या मधल्या एका रविवारी मी गोरेगाव पूर्वेहून आरेत गेले. मुख्य रस्ता सोडला की पायवाट, एक ओहोळ, मग दहा-पंधरा घरं. पाड्याचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या घरी जेवले त्यांनीच सांगितलं, "नाव नको टाकू बाय, मग लोक गाड्या घेऊन येतात." त्यांना आपण नुसतं मावशी म्हणू. वय साठीच्या आसपास, वारली. कोणी आधी फोन करून सांगितलं तर त्या आणि त्यांची सून पाच-सहा जणांचं जेवण करतात.

घरामागे त्यांची वाडी. खाली ओहोळाकडे भाताची दोन छोटी खाचरं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला तुकडा. लावणी चालू होती, मावशींचा मुलगा आणि सून चिखलात वाकून आवण लावत होते. बांधावर तूर पेरलेली. वरच्या उतारावर थोडी नाचणी. घराजवळ भोपळा, काकडी, शिराळं यांचे वेल नुकते मांडवावर चढायला लागलेले, मध्ये भेंडी, कडेला अळू. खत म्हणजे जवळच्या तबेल्यातलं शेण आणि पालापाचोळा. भात निघालं की उरलेल्या ओलीवर त्याच खाचरात वाल टाकतात. वालाच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणजे पुढच्या भाताला खत फुकट.

आज याला 'ॲग्रोइकॉलॉजी' म्हणतात. एकाच पिकावर अवलंबून राहायचं नाही, बाहेरून विकत काही आणायचं नाही, आणि जंगल, पाणी, जनावरं, शेत यांना एकमेकांत गुंतवून ठेवायचं. विद्यापीठांमध्ये याचे अभ्यासक्रम आहेत. मावशी याला 'वाडी करणं' म्हणतात.

ताटात काय होतं

तांदळाची भाकरी, गेल्या वर्षीच्या घरच्या भाताची. टाकळ्याची भाजी. कंटोळीची परतून केलेली भाजी. अळू. ओहोळात पकडलेल्या मुठ्यांचं कालवण, मुठे म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे खेकडे. पाट्यावर वाटलेली सुकटीची चटणी. आणि भात.

नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. ताटातलं निम्मं वाडीतलं नव्हतंच. टाकळा आणि कंटोळी रानातली, मुठे ओहोळातले. मी विचारलं तर मावशी हसल्या. "आत्ता वाडीत काय हाय? वेलाला फूल पण नाय. वाडी रिकामी म्हणून पोट रिकामं ठेवायचं काय?"

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. जून-जुलै हा शेतकऱ्याचा सगळ्यात अवघड काळ. मागचं धान्य संपत आलेलं, नवं अजून चिखलात, आणि कष्ट सगळ्यात जास्त. नेमका याच वेळी रान देतं. पहिल्या सरीच्या आसपास शेवळं येतात, मग टाकळा, कुरडू, फोडशी, कंटोळी, भारंगी. आपण रानभाज्यांकडे हौसेची गोष्ट म्हणून बघतो. मुळात तो भुकेच्या दोन महिन्यांचा बंदोबस्त आहे.

आणि त्यात ज्ञान लागतं. शेवळं नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्यात काकडाची आंबट फळं किंवा चिंच टाकतात. गंमत म्हणजे काकडाची फळं शेवळांच्याच मोसमात बाजारात येतात, आणि बाजारात दोन्ही एकाच टोपलीत मिळतात. मावशींनी उन्हात वाळवून ठेवलेली शेवळं दाखवली. "ही गणपतीत करू," म्हणाल्या.

थोडक्यात, या शेताचा बांध वाडीच्या कुंपणापाशी संपत नाही. रान आणि ओहोळ हा शेताचाच भाग आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागाठाण्याचं शेत

आता इतिहास. आज आपण ज्याला उपनगर म्हणतो ते म्हणजे साष्टी बेट. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा हा प्रदेश मुंबईच्या सात बेटांपेक्षा वेगळा आणि कितीतरी मोठा होता. डोंगर, ओढे, भातखाचरं, मिठागरं आणि गावं.

मावशींच्या घरापासून उत्तरेला, डोंगरात, कान्हेरीची लेणी आहेत. शंभरहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेली आणि पुढे हजारेक वर्षं वापरात राहिलेली. तिथे भिक्षू मोठ्या संख्येने राहत. मग ते खायचे काय? उत्तराचा एक तुकडा तिथल्याच शिलालेखांत आहे. दान देणाऱ्यांमध्ये व्यापारी आहेत, सोनार आहेत, कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. काहींनी लेणं कोरून दिलं, काहींनी पाण्याचं टाकं, काहींनी ठेव ठेवली, आणि काहींनी शेत दिलं. त्यातलं एक शेत 'मंगलस्थान' गावातलं. अभ्यासक हे गाव म्हणजे बोरिवलीजवळचं मागाठाणे मानतात.

हो, तेच मागाठाणे. मेट्रोचं स्टेशन आहे ते. तुम्ही रोज तिथे उतरत असाल तर तुम्ही अशा गावात उतरता, जिथलं शेत लेण्यांतल्या भिक्षूंच्या खर्चासाठी लावून दिलेलं होतं. शेतातून ताटात, अंतर फार तर काही किलोमीटर.

शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे, गावाचं नाव आहे, घेणाऱ्या संघाचा उल्लेख आहे. त्या शेतात नांगर कोण धरत होतं, त्याचं नाव नाही.

मिरची कुठून आली

पुढची उडी मोठी आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. साष्टी त्यांच्याकडे दोनशे वर्षं राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घेतली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली.

या काळात ताट बदललं. मिरची, मका, काजू, पपई, पेरू, अननस ही सगळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर आलेली. मावशींच्या सुकटीच्या चटणीतली मिरची चार-पाचशे वर्षांपूर्वी इथे नव्हतीच. त्यामुळे 'अस्सल देशी ताट' असं कोणी म्हणालं की मी जरा सावध होते. शेतकरी नवं बियाणं बघून, लावून, पटलं तर ठेवतो. वाडी ही नेहमीच बदलत आलेली गोष्ट आहे. फक्त तो बदल कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न.

इंग्रजांच्या काळात तो हात बदलला. साष्टीतल्या मोठमोठ्या जमिनी मुंबईच्या धनिकांना इस्टेट म्हणून देण्यात आल्या. आरेच्या शेजारची पवई फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. त्यांनी तिथे ऊस आणि आंब्यासह बरेच शेतीचे प्रयोग केले, आणि १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाला आंबे पाठवले. समुद्रापार फार्म-टू-टेबल! फ्रामजींचं नाव इतिहासात आहे, आंब्यांचं आहे, राणीचं तर आहेच. कलमांना पाणी घालणारे पुन्हा गायब.

झाडाच्या फांदीवरून भांडण

या प्रदेशातल्या भातशेतीची एक जुनी पद्धत आहे, राब. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि जाळायचं. तणाचं बी मरतं, राख मिळते, आणि पाऊस पडल्यावर तिथे भाताचं रोप जोमदार येतं. मग ते रोप उपटून खाचरात लावायचं.

राबाला फांद्या लागतात आणि फांद्या रानातून येतात. म्हणजे पुन्हा तेच, रान हा शेताचा भाग. १८७८ चा जंगल कायदा आला आणि सरकारने जंगल राखीव करायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी फांदी रोपासाठी होती, ती सरकारच्या दृष्टीने चोरी ठरू लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९२० मधला.

राब चांगला की वाईट, यावर आजही वाद घालता येईल. धूर होतो, झाडं छाटली जातात. पण मुद्दा असा की शेत इकडे आणि जंगल तिकडे अशी रेघ पहिल्यांदा कागदावर ओढली गेली. शेतावरची माणसं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जगत होती.

पाणी, दूध, सिनेमा, मेट्रो

आता आरेच्याच भोवती फिरू. मुंबईला जेव्हा जेव्हा काही कमी पडलं तेव्हा तिने साष्टीच्या या डोंगराकडे बघितलं.

आधी पाणी. १८५० च्या दशकात शहरात पाण्याचे हाल होते. मिठी नदीवर धरण बांधून विहार तलाव तयार झाला, १८६० मध्ये. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी. तलावांखाली जमीन गेली, भोवतालचं रान पाण्यासाठी राखलं गेलं.

मग दूध. शहरात गल्लोगल्ली तबेले होते, घाण आणि भेसळ दोन्ही वाढलेली. १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. दारा खुरोडी हे त्यामागचं मोठं नाव. १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजारांहून जास्त एकर जमीन, बत्तीस तबेले, हजारो म्हशी, त्यांच्यासाठी पॅरा गवताची कुरणं. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, आरेच्या काचेच्या बाटल्या आणि पहाटेची रांग त्यांना नक्की आठवेल. ही योजना चांगलीच होती. पण ती आली तेव्हा ही जागा रिकामी नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांचे पाडे आधीपासून होते. आजही साधारण सत्तावीस पाडे मोजले जातात. कागदावर मात्र जमीन दुग्धविकास विभागाची झाली.

मग १९७७ मध्ये शेजारी फिल्म सिटी. तिथे रात्रीचा दिवस करणारे दिवे लागत होते, आणि आरेतल्या काही पाड्यांवर वीज पोचायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली.

आणि मग मेट्रो. हे तर तुमच्या-माझ्या आठवणीतलं. मेट्रो-३ ची कारशेड आरेत करायची ठरली. आरे हे 'जंगल' आहे की नाही, हा कोर्टात कळीचा प्रश्न झाला. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. पुढे सरकार बदललं, कारशेडची जागा बदलली, पुन्हा आरेत आली. मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्याचं एक टोक आहे आरे जेव्हीएलआर. मीही त्या मेट्रोने जाते, सोयीची आहे.

तेव्हाच्या बातम्यांत झाडं होती, बिबटे होते, मेट्रो होती, आंदोलक होते. पाड्यांवरचे लोकही आंदोलनात होते, काही जण कोर्टातही गेले. पण 'इथे शेती होते' हे वाक्य फार कमी ऐकू आलं. विकासवाल्यांच्या नकाशात ती मोकळी जमीन, पर्यावरणवाल्यांच्या नकाशात जंगल. खाचर दोन्हीकडे नाही.

सातबाऱ्यावर नाव

जेवण झाल्यावर मी मावशींना विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" त्यांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, सासऱ्यांचा जातीचा दाखला, विजेची बिलं, कसल्याकसल्या अर्जांच्या पोच. सातबारा नव्हता. "सासरा इथंच जन्मला, त्याचा बाप पण इथंच. झाडाला विचार," म्हणाल्या. कागद मागणाऱ्याला झाडाची साक्ष चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कायदा काय म्हणतो? २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. शिवाय रानातून भाज्या, फळं, कंद गोळा करायचा हक्कही त्यात आहे, म्हणजे टाकळा आणि कंटोळीसुद्धा. चांगलं आहे. पण हा कायदा वनजमिनीला लागू होतो, आणि आरे कागदावर दुग्धविकासाची. म्हणजे कारशेडसाठी 'हे जंगल नाही', आणि हक्क मागायला गेलं तरी 'हे जंगल नाही'.

२०२१ मध्ये आरेतली सुमारे ८१२ एकर जमीन वनविभागाकडे गेली. बांधकामापासून ते रान वाचेल म्हणून अनेकांना आनंद झाला, मलाही झाला. पण राखीव जंगल म्हणजे आत शेती करायला बंधनं. तिथल्या लोकांचे हक्क आधी ऐकून, नोंदवून घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती नोंद नीट झाली तर खाचर वाचेल. नाही झाली तर १८७८ ची रेघ पुन्हा एकदा वाडीतून जाईल, या वेळी पर्यावरणाच्या नावाने.

म्हणून माझं म्हणणं असं. 'फार्म-टू-टेबल' जेवणाबद्दल आपण विचारतो, रसायन मारलंय का, बियाणं देशी आहे का, किती किलोमीटरवरून आलंय. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण साष्टीचा इतिहास वाचल्यावर मला त्याआधीचा प्रश्न दिसतो: ज्यांनी हे पिकवलं त्यांच्या हातात ती जमीन पुढच्या वर्षी असेल का? मावशींचा मुलगा हाउसकीपिंगची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लावणी करतो. त्याने मला सरळ सांगितलं, "नाव लागलं तर विहीर काढेन, दोन म्हशी घेईन. नाय लागलं तर कशाला पैसा घालू?" जी जमीन कधीही जाऊ शकते तिच्यात माती सुधारायला वीस वर्षं कोण देईल? जैविक शेतीचा पाया शेणखतात आहे तितकाच तो या भरवशात आहे.

शेवटी थोडं कामाचं. आरे आणि बोरिवलीच्या पाड्यांवरच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या विकायला स्टेशनबाहेर बसतात. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, सगळीकडे. घासाघीस न करता घ्या, आणि भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारा. शेवळं घेतली तर काकडाशिवाय घेऊ नका, घसा मला शिव्या देईल. पाड्यावर जेवायला जायचं असेल तर आधी विचारून जा, पैसे ठरवून द्या, लोकेशन टॅग करू नका.

आणि तुम्ही उपनगरात राहता तिथे आधी काय पिकायचं? इमारतीतल्या सगळ्यात जुन्या रहिवाशाला विचारा, रेकॉर्ड करा, आम्हाला पाठवा. पिकाचं नाव तर हवंच, पण ते कसणाऱ्याचं नाव कोणाला आठवत असेल तर तेही सांगा. पुढच्या भागात मिठागरांकडे जाऊ, मुलुंड-भांडुपच्या बाजूला. भेटू.